संत्र्यांच्या रस्त्यावरचा आवाज

उज्जैन, ८ डिसेंबर २०२४

जयूताई,

तुझं कार्ड काल मिळालं. चारच ओळी, आणि त्यात माझी चौकशी करणारी एकही नाही. तरी मी ते टेबलावर उभं करून ठेवलं आहे. "संत्र्यांच्या रस्त्यावरचा माझा आवाज काढून टाक. तुझ्याकडे असेल तोही. अनोळखी लोकांच्या गाड्यांत मी अजून बोलते आहे, हे मला सोसत नाही. जयू."

काढते. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तू चिडणार नाहीस.

पण थोडा वेळ दे. तुझं म्हणणं नीट समजावं म्हणून रात्री मी सगळं पहिल्यापासून आठवत बसले. तीन हिवाळ्यांमागे हर्षल माझ्याकडे आला. माझा जुना विद्यार्थी, टावर चौकात भाड्याच्या गाड्यांचा काउंटर चालवतो. म्हणाला, "मॅडम, महाकालला येणाऱ्यांकडे एक दिवस एक्स्ट्रा असतो. गाडी त्यांना देऊ, ड्रायव्हर नको, गाइड नको. आगर-सुसनेरकडचे संत्र्यांचे बगीचे बघू देत. रस्ता फोनच सांगेल." मी भूगोल शिकवते म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं, आणि तू रेडिओवर इतकी वर्षं बोललेली म्हणून बोलायचं तुझ्याकडे. तू इंदूरहून आलीस, माझ्या बेडरूममधल्या कपाटात कपडे सरकवून बसलीस आणि बाहेरचे आवाज येऊ नयेत म्हणून डोक्यावरून भैरवगढच्या छापाची रजई घेऊन ते सगळं बोललीस. मी लिहिलेल्यातलं अर्धं तर तू बोललीच नाहीस, आपल्या मनाचं घातलंस. गाडी ज्या वळणावर येईल तिथे तुझा आवाज आपोआप सुरू होतो. लोक पुढे आगरपर्यंत जातात, बागेत थांबतात, टोपलीभर संत्री घेतात आणि तुझी तारीफ करत परत येतात.

मग तुझं गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. असं कधीकधी होतं, असं डॉक्टर म्हणाले. तू कुजबुजल्यासारखं बोलायला लागलीस, मग तेही बंद केलंस, आणि इंदूरचं घर बंद करून अर्णवकडे हैदराबादला गेलीस. गेल्याचं मला अर्णवनेच कळवलं. फोन तू उचलत नाहीस, व्हॉट्सॲपवर दोन निळ्या रेघा देतेस आणि गप्प बसतेस. पत्राला निदान उत्तर येतं. म्हणून पत्र.

वेळ का मागते ते सांगते. हर्षलची जानेवारीपर्यंतची बुकिंगं झालेली आहेत. दुसरं म्हणजे सगळा आगर रोड रुंद करतायत, खुणा बदलल्या आहेत. एकदा जाऊन बघितल्याशिवाय नवं काही लिहिता येणार नाही. ही दोन्ही कारणं खरी आहेत. ती पुरेशी आहेत का, हे मी स्वतःला विचारते आहे.

सोबत ज्येष्ठमध पाठवते. आणि इंदूरच्या एका बाईंचा नंबर. त्या गळ्याचे व्यायाम शिकवतात, व्हिडिओवरसुद्धा. वाटलं तर बघ.

तुझी
निहा


उज्जैन, २९ डिसेंबर २०२४

जयूताई,

तुझं उत्तर नाही. तरी लिहिते, कारण काल मी त्या रस्त्याने जाऊन आले.

सवेरेच निघाले. फ्रीगंजात आत्ताच पाय ठेवायला जागा नाही, वर्षअखेरीला अख्खा देश महाकालला येतो. आगर नाका ओलांडला आणि फोनमधून तू म्हणालीस, "चलिए, शहर को पीछे छोड़िए. वो कहीं नहीं जाएगा." मी लिहिलं होतं, "यहाँ से हमारी यात्रा प्रारंभ होती है." तेव्हा मला राग आला होता. काल नाही आला.

घटियाच्या पुढे तू म्हणतेस ना, "सामने एक बूढ़ा नीम है, बुज़ुर्गों को हॉर्न नहीं देते, ज़रा धीमे चलिए"? तो नीम आता नाही. मुळासकट काढला, तिथे गिट्टीचा ढीग आहे. तू सांगितलंस तशी मी गाडी हळू केली. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न दिला, आणि पुढे काढताना काच खाली करून विचारलं, "मैडम, सो गईं क्या?"

अशा बऱ्याच जागा आहेत. चहाची टपरी पलीकडे गेली. डावीकडचं वळण आता पुलाखालून घ्यावं लागतं. तू मात्र जुन्याच रस्त्यावरून चालली आहेस, आणि मी शेजारी मान डोलावत होते. गाडीत कुणी बघायला नव्हतं.

आगरच्या अलीकडे भय्यासाहेबांच्या बागेत थांबले. तू त्यांना आवाजानेच ओळखतेस, म्हणजे ते तुला. सत्तरीचे आहेत, सकाळीसुद्धा जाकीट घालून पायऱ्यांवर उभे असतात, आईच्या शब्दांत सांगायचं तर दरबार सुटला पण थाट सुटला नाही. त्यांच्या पत्नी, सुलभाकाकू, मला बघून लगबगीने फाटकापर्यंत आल्या आणि माझ्या मागे, गाडीत बघायला लागल्या.

"जयू नाही आली?"

"नाही काकू. ती हैदराबादला असते, अर्णवकडे."

"तिथे काय संत्री लागलीत?"

"लेकाकडे राहते."

"मग फोन लाव. रोज ती मला राम-राम करते, मी रोज तिला राम-राम करते. एकदा समोरासमोर होऊन जाऊ दे."

तुला आठवतंय का, बागेच्या फाटकाशी तू म्हणतेस, "काँच नीचे कीजिए और बगीचे वालों को राम-राम कीजिए, मेरी तरफ़ से भी"? लोक काच खाली करतात, आणि सुलभाकाकू ओट्यावरून, हातातलं काम न सोडता, तुला उत्तर देतात. भय्यासाहेब म्हणाले, "माझ्याशी चाळीस वर्षांत इतक्या प्रेमाने बोललेली नाही." काकू म्हणाल्या, "तुम्ही काच खाली करून बघा कधी."

फोन लावला नाही. रेंज नाही म्हटलं. रेंज होती. तुझ्या आवाजाचं मी त्यांना सांगितलं नाही, आणि ते तुझ्यासाठी लपवलं की माझ्यासाठी, हे परत येताना सगळ्या रस्त्याने विचार करूनही ठरलं नाही.

बाग मात्र बघवत नव्हती. नोव्हेंबरात फळ उतरलं आणि त्यांनी पाणी बंद केलं. याला बाग ताणावर सोडणं म्हणतात. पानं वळून विडीसारखी झालेली, हिरवा रंग उडालेला, बुंध्याशी जमीन फाटलेली. मला शास्त्र ठाऊक आहे, वर्गात शिकवते. तरी विचारलं, "मरत नाहीत ना?"

"मरायच्या आधी पाणी द्यायचं," भय्यासाहेब म्हणाले. "लवकर दिलं तर फूल नाही. उशिरा दिलं तर झाड नाही. मधे आम्ही नुसतं जाकिटात हात घालून उभं राहायचं. हेच तर काम आहे."

आपण ते रेकॉर्डिंग नोव्हेंबरात केलं, झाडं फळांनी लदलेली असताना. म्हणून त्यात ताणाचा उल्लेखच नाही. नव्यात घालायला हवा.

दोन मफलर पाठवते आहे. गळ्याला ऊब राहिलेली बरी.

निहा


उज्जैन, १४ जानेवारी २०२५

जयूताई,

तिळगूळ पाठवत नाही. का ते तुला ठाऊक आहे. कार्डावर तू लिहिलंस, "ज्येष्ठमध, मफलर पोचलं. पुन्हा काही पाठवू नकोस. नंबर पाठवू नकोस. आवाज काढलास का?"

नाही काढला अजून. आणि त्यामुळे काय झालं ते सांगायला लिहिते आहे.

रविवारी सकाळी भय्यासाहेबांचा फोन. नमस्कार नाही, काही नाही. "तुमच्या जयूबाईंनी पाठवलेल्या लोकांनी माझी बाग बुडवली! आधी इथे या!" मी गाडी काढली. जाताना तुझा आवाज बंद ठेवला, तुला दोष ऐकवायला नेते आहे असं वाटत होतं.

भोपाळचं एक कुटुंब होतं. नवरा, बायको, दोन मुलं, नवऱ्याची आई. तुझं ऐकत आले, फाटकाशी राम-राम केला, आणि झाडं बघून म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. भय्यासाहेब-काकू आगरला लग्नाच्या निमंत्रणाला गेले होते. रखवालदार पलीकडच्या टोकाला. तिच्या सुनेला ओळीच्या तोंडाशी ड्रिपच्या पाण्याचा व्हॉल्व्ह दिसला, आणि तिने तो उघडला. मग शेजारचाही उघडला. मुलांनी विहिरीजवळची बादली घेऊन जिथे थेंब पोचत नव्हते तिथे ओतलं. सतरंजी घालून त्यांनी पोहे खाल्ले आणि झाडांना पाणी पिताना बघत बसले. रखवालदार येईपर्यंत चार ओळी भिजल्या होत्या.

मी पोचले तेव्हा ते लोक तिथेच होते. पळून गेले नव्हते, हे मला आवडलं. बाई पुन्हा पुन्हा म्हणत होती, "अंकल, पेड़ मर रहे थे. कोई देखने वाला नहीं था."

"मैं देख रहा था!" भय्यासाहेब ओरडले. "एक महीने से वही देख रहा हूँ! अब इन चार लाइनों में फूल नहीं आएगा, बेटा. पत्ती आएगी. हरी-हरी. इतनी सुंदर दिखेगी कि आप फोटो खींचोगे. फल एक नहीं."

म्हातारी म्हणाली, "भाई साहब, पाप तो पाप, पर प्यासे को देखा नहीं गया."

त्यावर भय्यासाहेबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि तिच्यासाठी खुर्ची मागवली. काकूंनी सगळ्यांना चहा दिला. जाताना ती दोन कुटुंबं एकमेकांना घरी बोलावत होती. मग मात्र भय्यासाहेब माझ्याकडे वळले. "ताई, जयूबाईंना सांगा, एक वाक्य टाका. एकच. झाडांना हात लावू नका. त्यांचं ऐकतील लोक. पाटी लावली तर कोण वाचतं?"

मी भिजलेल्या ओळींतून फाटकापर्यंत गेले. चपलांना चिखल लागला. तू इस्पितळात वाक्य सुरू करायचीस आणि मी ते पुरं करायचे, बरोबर पुरं करायचे, नर्सलासुद्धा. तू डोळे मिटून घ्यायचीस. मला वाटायचं, थकलीस. तुझी झाडाशी तुलना करत नाही, तू मला हसशील. फक्त तुला ज्येष्ठमध आणि मफलर मिळाल्यावर काय वाटलं असेल, ते मला तिथे चिखलात उभी असताना जरासं कळलं.

हर्षल म्हणतो, यात अवघड काही नाही. "मॅडम, जयूताईंचं एवढं रेकॉर्डिंग आहे आपल्याकडे. कॉम्प्युटरला ऐकवलं की तो त्यांच्याच आवाजात नवं वाक्य बोलतो. दहा मिनट का काम है. त्यांना तकलीफ पण नाही." मी नाही म्हटलं. ठामपणे म्हटलं.

निहा


उज्जैन, २ फेब्रुवारी २०२५

जयूताई,

मागच्या पत्रातली शेवटची ओळ खरी नव्हती. ठामपणे म्हटलं नाही. आधी "बघू" म्हटलं, आणि दोन दिवसांनी काउंटरच्या मागच्या खोलीत जाऊन बसले.

हर्षलने कानाला हेडफोन दिले आणि स्वतः पाठ करून उभा राहिला. "ये पेड़ बीमार नहीं हैं. इन्हें पानी मत दीजिए." तूच होतीस, ताई. 'पेड़' म्हणताना तुझा ओठ जसा मिटतो तसा मिटला. मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण झाला, आणि तुला खोटं लिहायचं नाही असं मी ठरवलं आहे.

तिथेच थांबायला हवं होतं. मी हर्षलला म्हटलं, याला मराठी येतं का? म्हणाला, सांगा तर. मी कागदावर लिहून दिलं, "निहा, जेवलीस का?"

त्याने ते तुझ्या आवाजात म्हटलं. सगळं बरोबर होतं, आणि मी हेडफोन काढून ठेवले. तू मला असं कधीच विचारलेलं नाहीस. तू विचारतेस, "खाल्लंस काही, का नुसती पुस्तकंच चावतेस?" ते त्या मशीनला कुठून ठाऊक असणार? ते मी लिहून दिलं असतं तर त्याने तेही म्हटलं असतं, आणि मी उद्या आणखी काही लिहून आणलं असतं. मग तू काय म्हणशील ते मीच ठरवत बसले असते, इस्पितळात बसले होते तसंच. मी ते सगळं माझ्यासमोर पुसायला लावलं. हर्षल जरा दुखावला. "मॅडम, मी तर तुमच्यासाठी केलं होतं." मला ठाऊक आहे त्याने माझ्यासाठी केलं. त्याला तसं सांगितलं, आणि आपण कचोरी खाऊ म्हटलं.

परवापासून तुझा आवाज हर्षलच्या यादीतून निघाला आहे. त्याच्या कॉम्प्युटरवरूनही. मी शेजारी बसून खात्री केली. काउंटरवर तुझं नाव असलेला फलक होता, तोही उतरवला.

त्या जागी मी बोलले आहे. कपाट तेच, रजई तीच. मला आत बसल्यावर दम लागला, तू इतका वेळ कशी बसली होतीस कोण जाणे. माझा आवाज तुला ठाऊकच आहे, हजेरी घेतल्यासारखा. खाली भाजीवाला ओरडत होता, मग शेजारच्या निहलानींकडे मिक्सर सुरू झाला. पाचव्या-सहाव्या खेपेला मी नीमाच्या जागी आले आणि काय म्हणावं ते सुचेना. शेवटी म्हटलं, "यहाँ पहले एक नीम था." तेवढंच ठेवलं आहे. ताणाचं वाक्य घातलं: "पत्ते मुड़े हुए दिखें तो घबराइए मत, मालिक को सब पता है. वाल्व को हाथ मत लगाइए." भय्यासाहेबांना फोनवर ऐकवलं. म्हणाले, "हुकूम छान आहे."

राहिली माझ्याकडची प्रत. आहे. खोटं सांगत नाही.

लोकांनी ऐकलं ते छाटलेलं रेकॉर्डिंग. माझ्याकडे न छाटलेलं आहे, त्या दुपारचं अख्खं. त्यात तू दोन वाक्यांच्या मधे रजईतून डोकं बाहेर काढतेस आणि म्हणतेस, "निहा, हे 'प्राकृतिक सौंदर्य' मी नाही म्हणणार, लोक गाडी झाडावर घालतील." मी चिडते. मग कुकरची शिट्टी होते, तू ओरडतेस, "गॅस! निहा, गॅस!" आणि मी धावल्यावर एकटीच हसत बसतेस, माइक सुरूच. त्या हसण्यात कुणी ऐकत असल्याचं तुझ्या ध्यानीमनी नाही.

आई गेल्यापासून मला निहा म्हणणारं तुझ्याशिवाय कुणी नाही. कॉलेजात मॅडम, मोहल्ल्यात दीदी. सोळा आणे खरं सांगते, गेल्या वर्षभरात मी ते रेकॉर्डिंग बहुतेक रात्री ऐकलं आहे.

तू "तुझ्याकडे असेल तोही" लिहिलंस तेव्हा तुला हे माहीत नसणार. आता माहीत झालं. आता तू सांग. तुला विचारते आहे म्हणून तू विरघळशील अशी आशा मनात आहे का, हेही मी तपासलं. आहे.

निहा


उज्जैन, २३ फेब्रुवारी २०२५

जयूताई,

तुझं कार्ड बुधवारी आलं. "निहा" एवढ्या एका शब्दाने सुरू होतं म्हणून मी आधी तेवढाच वाचला आणि जेवून घेतलं. मग पुढचं.

"निहा, तुझं वाईट वाटलं. पण तू रोज जिला ऐकतेस ती मी नाही. ती हसते, मी इथे स्वयंपाकघरात भांडं वाजवून सुनेला हाक मारते. तू तिच्याजवळ बसतेस तोवर माझ्याजवळ कोण बसणार? काढून टाक."

हे तू मला लिहिलेलं सगळ्यात लांब पत्र आहे.

काल शनिवार. शिवरात्र जवळ आल्यामुळे इकडे सगळीकडे बॅरिकेडं लागली आहेत, कसाबसा आगर नाका गाठला. माझं नवं रेकॉर्डिंग प्रत्यक्ष रस्त्यावर बरोबर जागी वाजतं का, ते बघायचं होतं. वाजतं. मी मलाच सांगत होते, आता डावीकडे वळा, आणि वळत होते. इतकं एकटं मला घरातसुद्धा वाटत नाही. घरी मी निदान गप्प असते.

बाग फुलली आहे. दोन कोसांवरूनच वास सुरू झाला, काचा बंद असतानाही. महिन्यामागे ज्यांच्याकडे बघवत नव्हतं ती झाडं पांढरी झाली आहेत, बुंध्याभोवती पाकळ्यांचा सडा, आणि मधमाश्यांचा इतका आवाज की बोलायला जवळ जावं लागतं. चार ओळी तेवढ्या हिरव्यागार. भय्यासाहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या दाखवतात, "ही भोपाळवाल्यांची."

फाटकाशी माझा फोन म्हणाला, "कृपया काँच नीचे कीजिए और बगीचे वालों को राम-राम कीजिए."

सुलभाकाकू ओट्यावर पापड उलटत होत्या. त्यांनी उत्तर दिलं नाही. वर बघितलं, आणि मी उतरले तसं विचारलं, "ही कोण?"

"मीच काकू."

"तू? जयू कुठे गेली? ही तर नुसता रस्ता सांगते. ती बोलायची."

मग मी सांगितलं. ऑपरेशन, आवाज, तू हैदराबादला का गेलीस, फोन का उचलत नाहीस, रेंज नाही असं मी का म्हटलं. तुला न विचारता सांगितलं. यावर तू रागावलीस तर तो राग माझा. पण त्यांना तू रोज भेटत होतीस आणि एक दिवस न सांगता गेलीस, असं त्यांना वाटू देणं मला जमलं नाही.

काकूंनी पापडाचं ताट बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता 'बिचारी' म्हणतील. त्या म्हणाल्या, "मग इकडे आण तिला. बोलायला मी आहे ना."

भय्यासाहेब आतून म्हणाले, "खरंच आणा. या घरात ज्यांचा आवाज शाबूत आहे तेही गप्पच बसतात. जयूबाईंना वेगळं काही वाटणार नाही."

"ऐकलंस? असं चाळीस वर्षं चाललंय," काकू म्हणाल्या, आणि आम्ही तिघंही हसलो. मग काकूंनी पदराने डोळे पुसले आणि पुन्हा पापडांकडे वळल्या. मी त्यांच्यासाठी भैरवगढची चादर नेली होती, ती त्यांनी तिथेच ओट्यावर उलगडून बघितली, रंग जातो का विचारलं. मी म्हटलं, पहिल्या धुण्यात जरा जातो.

संध्याकाळी घरी आले. अंघोळ केली. फोन घेऊन पलंगावर बसले आणि ते रेकॉर्डिंग काढलं.

एकदा ऐकावं असं वाटलं. शेवटचं म्हणून. मग वाटलं, तू नको म्हणालेली आहेस, आणि शेवटचं म्हणून घेतलं तरी ते घेणंच. न ऐकता पुसलं. लॅपटॉपवरचंही, आणि आईच्या फोनमध्ये एक होतं, ते चार्ज करून उघडलं आणि पुसलं. कुठे काही राहिलेलं नाही. मला ते रेकॉर्डिंग पाठ आहे, त्याला माझा इलाज नाही, पण तुझी गॅसची हाक आत्ता आठवून बघितली तर ती माझ्याच आवाजात ऐकू येते आहे. तेही हळूहळू जाईल.

आज सकाळपासून घर नेहमीसारखंच आहे. दोनदा नळाला पाणी आलं. निहलानींचा मिक्सर झाला. मी चार पेपर तपासले आणि तुला लिहायला बसले.

तू लिहिलंस, तुझ्याजवळ कोण बसणार. मला तुझा आत्ताचा आवाज माहीत नाही, ताई. इस्पितळात मी तो नीट ऐकलाच नाही, प्रत्येक वेळी मधेच बोलले. हैदराबादला मी आले तर तू दार उघडशील का, हे विचारत नाही, उत्तर द्यायची घाई नको. भय्यासाहेबांची बाग शिवरात्रीनंतरही आठवडाभर तरी फुललेली असेल, पण त्यासाठीही घाई नको. एवढंच सांगते की रात्री नऊनंतर मी घरीच असते आणि फोन उशाशी असतो. लाव. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, सुनेला मारतेस तसं भांडं वाजव, तेही नको असेल तर नुसता फोन धरून बस. मी काही विचारणार नाही, तुझं काही पुरं करणार नाही. आणि तू ठेवेपर्यंत ठेवणार नाही.

निहा